छोट्या स्थानिक संस्थांसाठी फाउंडेशनचं अनुदान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वस्तीत अभ्यासिका चालवणारे, एकट्या वृद्धांची विचारपूस करणारे, ओढ्याकाठची झाडं राखणारे गट पहिल्यांदा फाउंडेशनकडे अर्ज करायला बसतात, तेव्हा त्यांचे प्रश्न बरेचसे सारखेच असतात. गेली अनेक वर्षं मी असे अर्ज लिहायला मदत करते आहे. मधली काही वर्षं निवड समितीत बसून इतरांचे अर्ज वाचलेही आहेत. खालची उत्तरं त्या दोन्ही खुर्च्यांवरून दिलेली आहेत. समजायला सोपं जावं म्हणून बहुतेक ठिकाणी एका काल्पनिक अभ्यासिकेचं उदाहरण घेतलं आहे.

फाउंडेशन म्हणजे नेमकं कोण? सगळी एकाच साच्यातली असतात का?

नाही, आणि हा फरक कळला की निम्मी वणवण वाचते. काही फाउंडेशन एखाद्या कुटुंबाच्या संपत्तीतून उभी राहिलेली असतात. तिथे निर्णय बहुधा मोजक्या विश्वस्तांच्या हाती असतो आणि त्यांच्या जिव्हाळ्याच्या विषयांना वजन असतं. कंपन्यांची फाउंडेशन बऱ्याचदा आपले कारखाने किंवा कार्यालयं असलेल्या भागाकडे आधी बघतात आणि त्यांचा सगळा विचार आर्थिक वर्षाच्या चौकटीत चालतो.

तिसरा प्रकार सामुदायिक फाउंडेशनचा. एका शहरातल्या किंवा भागातल्या लोकांच्या देणग्या एकत्र करून त्या तिथल्याच कामांना द्यायच्या, अशी त्याची रचना. १९१४ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये फ्रेडरिक गॉफ या बँकरने असं पहिलं फाउंडेशन सुरू केलं. जुन्या मृत्युपत्रांनी एखाद्या कामाला बांधून ठेवलेला पैसा, त्या कामाची गरज संपली तरी तिथेच अडकून राहतो, ही त्याची खंत होती. म्हणून मूळ रक्कम कायम ठेवायची, पण ती कशावर खर्चायची हे त्या त्या काळातल्या स्थानिक माणसांनी ठरवायचं, असा मार्ग त्याने काढला. तुमच्या भागात असं फाउंडेशन असेल तर पहिला अर्ज तिथेच करा. तुमची वस्ती कुठे आहे हे त्यांना नकाशावर दाखवावं लागत नाही.

अर्ज करताना अनेकांच्या मनात संकोच असतो, हात पसरल्यासारखं वाटतं. तो संकोच सोडा. अमेरिकेत १९६९ च्या कर सुधारणा कायद्याने खाजगी फाउंडेशनवर दरवर्षी काही किमान वाटप करण्याचं बंधन घातलं. आज ते गुंतवणुकीतल्या मालमत्तेच्या साधारण ५ टक्के आहे. भारतात २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ ठरावीक आकाराहून मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातले किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायला सांगतं. पैसे चांगल्या ठिकाणी लावणं हे त्यांचं काम आहे, आणि चांगलं काम करणारी माणसं शोधताना त्यांचीही दमछाक होते.

अर्ज करण्याइतकी आमची तयारी झाली आहे का, हे कसं ओळखायचं?

कागदपत्रांची यादी सगळीकडे थोड्याफार फरकाने तीच: नोंदणी प्रमाणपत्र, घटना किंवा न्यासपत्र, कार्यकारी मंडळाची यादी, मागच्या दोन-तीन वर्षांचे लेखापरीक्षण झालेले हिशेब, संस्थेच्या नावाचं बँक खातं आणि अर्ज करायला मंजुरी देणारा मंडळाचा ठराव. त्यावर देशादेशाची भर. अमेरिकेत कर खात्याचं ५०१(सी)(३) दर्जाचं, म्हणजे संस्था करमुक्त सेवाभावी असल्याचं, पत्र लागतं, इंग्लंड आणि वेल्समध्ये सेवाभावी संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या चॅरिटी कमिशनचा क्रमांक. भारतात करसवलतीच्या नोंदण्या लागतात, कंपन्यांचा सीएसआर निधी, म्हणजे वर सांगितलेला सामाजिक कामाचा पैसा, घ्यायचा असेल तर १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा अर्ज भरून मिळणारा क्रमांक लागतो, आणि परदेशी पैशासाठी परकीय योगदान नियमन कायद्याखालची, म्हणजे एफसीआरएची, परवानगी.

पण कागद पूर्ण असलेल्या कितीतरी संस्था तयार नसतात. मी तीन गोष्टी विचारते. मागच्या महिन्याची रोकडवही आणि बँकेचं पासबुक आज, आत्ता जुळतं का? संस्थापक तीन महिने आजारी पडले तर काम कोण चालवेल? आणि मंडळातल्या सगळ्यांना हा अर्ज होतोय हे माहीत आहे का? यातल्या एकाही प्रश्नावर खोलीत शांतता पसरली, तर या फेरीची मुदत जाऊ द्यावी आणि आधी घर आवरावं.

आमची नोंदणीच झालेली नाही. तरी काही मार्ग आहे का?

बऱ्याच देशांत एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या छत्राखाली निधी घेता येतो. पैसे त्या संस्थेच्या खात्यात येतात, हिशेबाची आणि कायद्याची जबाबदारी तिची, काम तुमचं. त्या बदल्यात ती अनुदानातला काही टक्के हिस्सा ठेवते, आणि ते रास्तही आहे. कितीही ओळखीची संस्था असो, लेखी करार करा: पैसे किती दिवसांत मिळतील, खरेदी केलेल्या वस्तू कोणाच्या, पुढे तुमची नोंदणी झाली तर शिल्लक कशी हस्तांतरित होईल. भारतात एक मोठी अडचण लक्षात ठेवा. २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरएखाली आलेला परदेशी निधी एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वळता करता येत नाही. देशांतर्गत पैशाला ती बंदी लागू नाही.

योग्य फाउंडेशन शोधायचं कुठे?

त्यांच्या माहितीपत्रकात सुरुवात करू नका. त्यांनी प्रत्यक्षात पैसे कोणाला दिले ते बघा. अमेरिकेतली खाजगी फाउंडेशन दरवर्षी ९९०-पीएफ नावाचं विवरणपत्र भरतात. ते सार्वजनिक असतं आणि त्यात वर्षभरात दिलेल्या अनुदानांची यादी असते. फाउंडेशन सेंटर आणि गाइडस्टार या दोन जुन्या संस्था २०१९ मध्ये एकत्र येऊन झालेली कँडिड ही संस्था अशी माहिती एकत्र ठेवते. ब्रिटनमध्ये ३६०गिव्हिंग या संस्थेच्या पुढाकाराने अनेक दात्यांची अनुदानं एकाच ठिकाणी शोधता येतात. भारतात कंपन्यांच्या सीएसआर खर्चाचा तपशील सरकारच्या राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर मिळतो.

यादी मिळाली की मागच्या तीन वर्षांची अनुदानं कागदावर उतरवा आणि शोधा: तुमच्या भागात कधी दिलं आहे का? सगळ्यात लहान रक्कम केवढी? दरवर्षी त्याच दहा नावांना मिळतं की नवी नावंही दिसतात? संकेतस्थळावर ‘शिक्षण’ लिहिलेलं असतं आणि यादीत फक्त विद्यापीठांच्या इमारती दिसतात, असं मी पुष्कळदा पाहिलं आहे. अशा ठिकाणी अभ्यासिकेचा अर्ज कितीही सुंदर लिहिला तरी उपयोग नाही. चाळीस ठिकाणी एकच अर्ज पाठवण्यापेक्षा पाच ठिकाणांचा असा अभ्यास करा.

अर्जाआधी फोन केला तर चालतं का?

त्यांनी स्पष्ट मनाई केली नसेल तर जरूर करा. फोनवर संस्थेचा इतिहास सांगू नका. दोन मिनिटांत काम सांगा आणि विचारा, ‘हे तुमच्या या वर्षीच्या विषयात बसतं का? आमच्या आकाराच्या संस्थेला तुम्ही साधारण किती रकमेपर्यंत देता?’ फाउंडेशनच्या कार्यक्रम अधिकाऱ्याने ‘बसत नाही’ म्हटलं तरी तुमचे तीन आठवडे वाचले. ‘कोणाकडे जाऊन बघावं?’ हे मात्र विचारायला विसरू नका. या क्षेत्रातली माणसं एकमेकांना ओळखतात.

संकल्पना टिपण आणि पूर्ण प्रस्ताव यांत फरक काय?

संकल्पना टिपण एक-दोन पानांचं. कोणासाठी, काय, किती काळ, साधारण किती पैसे आणि तुम्हीच का, एवढंच. ते आवडलं तर पूर्ण प्रस्ताव मागवतात. न मागता तीस पानं पाठवू नयेत.

गरज कशी मांडायची?

बहुतेक अर्ज इथेच ढिले पडतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

साधन नाही हीच गरज, असं समजण्याची चूक सगळ्यात जास्त होते. ‘आमच्याकडे संगणक नाहीत’ ही गरज नाही. संगणक हा तुम्हाला सुचलेला उपाय आहे. मुलांच्या आयुष्यात नेमकं काय अडतंय ते आधी लिहा. मग संगणकाने ते सुटेल की आणखी कशाने, याचा विचार वाचणारा तुमच्याबरोबर करू शकतो.

दुसरं म्हणजे राष्ट्रीय आकड्यांची भरती. अर्धं पान देशपातळीवरच्या सर्वेक्षणांनी भरलेलं असतं. समितीने ते आकडे त्याच दिवशी इतर वीस अर्जांत वाचलेले असतात. तुमच्याकडे असलेली माहिती दुसऱ्या कोणाकडेच नाही, तीच द्या. समजा अभ्यासिकेच्या अर्जात असं लिहिलं: ‘आम्ही वस्तीतल्या शंभर घरांत फिरलो. सातवी ते दहावीत शिकणारी ६४ मुलं भेटली. त्यांतल्या ४१ मुलांच्या घरी एकच खोली आहे. संध्याकाळी सहा ते नऊ त्या खोलीत स्वयंपाक, टीव्ही आणि पाच किंवा अधिक माणसं असतात. मुलं कुठे अभ्यास करतात, हे विचारल्यावर १७ जणांनी जिना असं उत्तर दिलं.’ जिना हा शब्द वाचून समितीतला माणूस मान वर करतो. आणि हे सर्वेक्षण दोन स्वयंसेवक दोन रविवारांत करू शकतात.

तिसरी गोष्ट माझ्या जवळची आहे. निधी मिळावा म्हणून माणसांना दीनवाणं करू नका. मी एकदा एका अर्जाचा मसुदा त्या वस्तीतल्या बायकांना वाचून दाखवला. एकजण म्हणाली, ‘हे आमच्याबद्दल लिहिलंय होय?’ तिच्या आवाजात राग नव्हता, पण तो परिच्छेद मी तिथेच खोडला. त्या बायकांनी स्वतः वर्गणी काढून नळाची पाइपलाइन दुरुस्त करून घेतली होती आणि माझ्या मसुद्यात त्याचा उल्लेखही नव्हता. तेव्हापासून ज्यांच्याबद्दल अर्ज आहे त्यांना तो वाचून दाखवल्याशिवाय मी पाठवत नाही. अर्जात लोकांकडे काय नाही हे जसं येतं, तसं काय आहे हेही आलं पाहिजे.

फोटो आणि लोकांच्या कहाण्या जोडाव्यात का?

त्या व्यक्तीला तिच्या भाषेत विचारून, फोटो कुठे जाणार हे सांगून, आणि नकार दिला तरी मदत थांबणार नाही याची खात्री देऊन. मुलांच्या बाबतीत पालकांची लेखी संमती घ्या आणि मुलालाही विचारा. आजार, हिंसा किंवा कर्ज यांबद्दल लिहिताना नाव बदला, आणि वस्तीतल्या कोणाला माणूस ओळखू येईल असे तपशीलही बदला.

‘आउटपुट’ आणि ‘आउटकम’ या शब्दांनी गोंधळ होतो. नेमकं काय लिहायचं?

तुम्ही काय केलं ते आउटपुट, त्यामुळे लोकांच्या आयुष्यात काय बदललं ते आउटकम. अभ्यासिका २५० संध्याकाळी उघडी राहिली, हे आउटपुट. सुरुवातीला चाळीसपैकी ११ मुलं पाठ्यपुस्तकातला उतारा न अडखळता वाचत होती, वर्षअखेर २६ वाचू लागली, हे आउटकम. दुसऱ्या वाक्यासाठी ‘११’ हा आकडा काम सुरू करण्याआधी हातात असावा लागतो. सुरुवातीची मोजणी नसेल तर वर्षअखेरच्या कुठल्याही आकड्याला अर्थ उरत नाही, आणि ही मोजणी बहुतेकांच्या हातून राहून जाते.

मोठ्या दात्यांच्या अर्जात एक तक्ता असतो, त्याला लॉगफ्रेम म्हणतात. १९६९ मध्ये अमेरिकेच्या यूएसएड या मदत संस्थेसाठी तो तयार झाला आणि पुढे जगभर पसरला. त्यात चार रकाने असतात: काय साधायचं, ते कशावरून कळेल, पुरावा कुठे मिळेल, आणि कोणत्या गोष्टी गृहीत धरल्या आहेत. लोक पहिले तीन मन लावून भरतात आणि चौथ्यात ‘पालकांचं सहकार्य मिळेल’ असं काहीतरी लिहून मोकळे होतात. मी तर चौथा रकाना आधी भरायला सांगते. शाळा सध्याची खोली संध्याकाळी देत राहील का? मुलींना अंधार पडल्यावर घरी कोण सोडेल? शिकवणारे तरुण परीक्षेच्या महिन्यात येतील का? काम मोडतं ते अशाच जागी. तिथे तुम्ही विचार केलेला आहे हे दिसलं की समितीचा विश्वास बसतो.

बदल छोटा असेल तर छोटाच लिहा. एका अभ्यासिकेने ‘शिक्षणव्यवस्थेत परिवर्तन’ होणार नाही, आणि ते वाचणाऱ्यालाही माहीत असतं.

बजेट कसं तयार करायचं?

समितीतले अनुभवी लोक आधी बजेट वाचतात आणि मग मजकूर. मजकुरात चार शिक्षक आणि बजेटमध्ये दोघांचं मानधन असेल, तर अर्ज तिथेच अडतो. म्हणून कामाचा महिनावार आराखडा करा आणि प्रत्येक ओळीला विचारा, याला कोणाचा किती वेळ लागेल, काय विकत घ्यावं लागेल, कोणाला ये-जा करावी लागेल. उत्तरं जमली की बजेट जवळपास तयार. प्रत्येक आकड्याशेजारी हिशेब दाखवा: किती माणसं, किती महिने, काय दराने. ‘इतर खर्च’ या ओळीवर कोणाचाही विश्वास बसत नाही.

आता सामायिक खर्च. कार्यालयाचं भाडं, हिशेबनीस, लेखापरीक्षकाची फी, इंटरनेट, समन्वयकाच्या पगाराचा काही भाग, हा खर्च सगळ्याच उपक्रमांसाठी होतो. तो वाटण्याची सोपी रीत म्हणजे माणसांच्या दिवसांवरून वाटणं. समजा संस्थेचा वर्षाचा सामायिक खर्च १२० एकके आहे आणि तीन उपक्रमांवर कर्मचाऱ्यांचा अनुक्रमे ५०, ३० आणि २० टक्के वेळ जातो. तर त्यांचे हिस्से ६०, ३६ आणि २४ एकके. अभ्यासिका हा दुसरा उपक्रम, आणि तिचा थेट खर्च २०० एकके. म्हणजे अभ्यासिकेची खरी किंमत २३६ एकके. अर्जात २०० लिहिले, तर उरलेली ३६ दरवर्षी कोणाच्या तरी खिशातून जातात. बहुधा ज्या कर्मचाऱ्याचा पगार दोन महिने थकतो, त्याच्या.

फाउंडेशनने ‘सामायिक खर्च १५ टक्क्यांपर्यंत’ असं म्हटलं असेल तर विचारा, कशाचे १५ टक्के? थेट खर्चाचे असतील तर २०० वर ३० एकके मिळतील. एकूण अनुदानाचे असतील तर ३५ हून थोडी जास्त. शब्द तेच, पण रक्कम वेगळी. हे विचारायला कोणीही लाजू नये.

प्रशासकीय खर्च कमी दाखवला तर अर्ज जास्त आवडतो ना?

असा समज फार खोलवर रुजलेला आहे आणि त्याने संस्थांचं मोठं नुकसान केलं आहे. २००९ मध्ये स्टॅनफर्ड सोशल इनोव्हेशन रिव्ह्यू या नियतकालिकात अॅन गॉगिन्स ग्रेगरी आणि डॉन हॉवर्ड यांनी या चक्राला ‘उपासमारीचं चक्र’ म्हटलं. संस्था चालवायला खरोखर किती लागतं याची दात्यांना कल्पना नसते. संस्था त्यांना खूश ठेवायला खर्च कमी दाखवतात. त्या खोट्या आकड्यांवरून दात्यांची अपेक्षा आणखी खाली जाते. शेवटी हिशेबनीस नसतो, संगणक दहा वर्षांचा असतो आणि अनुभवी माणसं सोडून जातात.

काही मोठे दाते बदलले आहेत. अमेरिकेतल्या फोर्ड फाउंडेशनने प्रकल्प अनुदानांवरचा सामायिक खर्चाचा दर १० वरून आधी २० आणि नंतर २५ टक्क्यांवर नेला. अमेरिकेतल्या मोठ्या देणगीदार मॅकेन्झी स्कॉट यांनी २०२० पासून दिलेला बराचसा पैसा संस्थेला योग्य वाटेल तसा वापरायला मोकळा आहे. दुसरीकडे कायदाच मर्यादा घालतो अशीही ठिकाणं आहेत: भारतात परदेशी निधीतून प्रशासकीय खर्चाची मर्यादा २०२० मध्ये ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. मर्यादा असेल ती पाळा, पण तिच्या आत खरा आकडा लिहा. उरलेली तूट कुठून भरून काढणार हेही लिहा. आणि शक्य असेल तिथे प्रकल्पाऐवजी संस्थेच्या एकूण कामासाठी मदत मागा. ‘तुम्ही असं देता का?’ एवढं विचारायला काहीच लागत नाही.

किती रक्कम मागावी?

त्यांनी तुमच्या आकाराच्या संस्थांना आजवर दिलेल्या रकमांच्या आसपास. आणि संस्थेचा वर्षाचा अर्ध्याहून जास्त खर्च एकाच दात्यावर अवलंबून राहील एवढी रक्कम घेताना मंडळाने बसून विचार करावा, कारण तो दाता थांबला की सगळं थांबतं.

फाउंडेशनचा विषय वेगळा आहे. त्यात बसावं म्हणून नवा उपक्रम सुरू करावा का?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. करू नका.

मोह कसा होतो ते मला माहीत आहे. पगाराला पैसे नसतात, आणि ‘डिजिटल कौशल्य’ या विषयाखाली चांगली रक्कम जाहीर होते. अभ्यासिकेच्या अर्जात एक संगणक वर्ग घुसवला जातो. अनुदान मिळतं. मग संगणक वर्गासाठी वेगळा माणूस, वेगळे अहवाल, वेगळी उद्दिष्टं. अभ्यासिकेचा समन्वयक दिवसभर हजेरीचे तक्ते भरतो. दोन वर्षांनी दात्याचा विषय बदलतो, वर्ग बंद पडतो आणि संगणक कपाटात जातात. तोवर संध्याकाळी येणारी मुलंही कमी झालेली असतात, कारण त्यांच्याकडे लक्ष द्यायला कोणी उरलेलं नसतं. हे मी एका चांगल्या संस्थेत अगदी जवळून पाहिलं. तिथला अर्ज लिहायला मीच मदत केली होती.

एक साधी कसोटी लावते. हा पैसा मिळाला नाही, तरी हे काम आम्ही लहान प्रमाणात करू का? मंडळाचं मनापासून ‘हो’ आलं तर अर्ज करा. वस्तीतल्या लोकांनीच मागणी केली असेल आणि योगायोगाने दात्याचा विषय जुळत असेल, तर तो खरा उपक्रम आहे. तसं असेल तर अर्जात लिहा, कोणी, कधी मागणी केली.

बाहेरच्या लेखकाला टक्केवारीवर अर्ज लिहायला द्यावा का?

टक्केवारीवर नको. निधी उभारणाऱ्यांची असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्स ही आंतरराष्ट्रीय संघटना आपल्या आचारसंहितेत टक्केवारीवरचं मानधन निषिद्ध मानते. कारण उघड आहे: लिहिणाऱ्याला मोठी रक्कम हवी असते, संस्थेला पेलेल ती नव्हे. शिवाय बहुतेक दाते अनुदानातून अशी रक्कम द्यायला परवानगी देत नाहीत. ठरलेली फी देऊन मदत घेणं योग्य. पण लिहिणाऱ्याने वस्तीत येऊन दोन दिवस बसलं पाहिजे.

संगणकाच्या एआय साधनांबद्दलही हल्ली विचारतात. भाषा नीट करायला, शब्दमर्यादेत बसवायला वापरा. फाउंडेशनचा त्याबाबत नियम असेल तर तो पाळा. मात्र जिन्यावर अभ्यास करणारी १७ मुलं त्या साधनाला माहीत नाहीत. आणि लोकांची खाजगी माहिती त्यात टाकू नका.

ते भेटीला येणार आहेत. काय तयारी करायची?

स्वागतगीत, हार, शाल, यांतलं काहीही करू नका. रोजचं काम रोजच्या वेळी चालू ठेवा आणि त्यांना त्याच वेळी बोलवा. हिशेबाच्या वह्या आणि हजेरीपट हाताशी ठेवा. लोकांना काय बोलायचं ते पढवू नका. पाहुण्यांना त्यांच्याशी तुमच्याशिवाय बोलता येईल असा थोडा वेळ द्या. काय जमलेलं नाही असं विचारलं तर खरं सांगा. समितीत असताना मी केलेल्या भेटींपैकी सगळ्यात लक्षात राहिली ती, जिथे संचालिका म्हणाल्या, ‘मुलग्यांची गळती आम्हाला थांबवता आलेली नाही, आणि का ते अजून कळत नाहीये.’

नकार आला. आता?

नकार हा नेहमीचा भाग आहे. २०२३ मध्ये मॅकेन्झी स्कॉट यांच्या यील्ड गिव्हिंग या देणगी उपक्रमाने समुदायाच्या नेतृत्वाखाली चालणाऱ्या अमेरिकी संस्थांसाठी खुलं आवाहन केलं. ६,३५३ संस्थांनी अर्ज केले. आधी २५० संस्थांना द्यायचं ठरलं होतं, पण मार्च २०२४ मध्ये ३६१ संस्थांना मिळून ६४ कोटी डॉलर जाहीर झाले. म्हणजे ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त देऊनही साधारण अठरा अर्जांमागे एकच निवडला गेला. मागे राहिलेल्या सुमारे सहा हजार संस्थांचं काम वाईट होतं, असं कोणी म्हणणार नाही.

आठवडाभर जाऊ द्या. मग आभाराचं छोटं पत्र लिहा आणि विचारा: विषयात बसत नव्हतं, की अर्ज कमी पडला, की पैसे संपले? पहिलं कारण असेल तर तिथे परत जाऊ नका. दुसरं असेल तर नेमकं काय ते विचारून पुढच्या फेरीत सुधारून द्या. तिसरं असेल तर पुढची फेरी कधी, ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. उत्तर आलंच नाही, तर तेही चालतं. बऱ्याच ठिकाणी दोन माणसं शेकडो अर्ज हाताळत असतात.

वस्तीतल्या ज्या लोकांना अर्जाची माहिती होती, त्यांना नकारही सांगा.

मंजूर झालं! सही करण्याआधी काय वाचायचं?

सगळं. विशेषतः हप्ते कधी येणार आणि पुढचा हप्ता कशावर अवलंबून आहे. खर्च करून मग परतफेड मिळणार असेल, तर मधले महिने चालवायला तुमच्याकडे पैसा आहे का? बजेटच्या एका ओळीतून दुसरीकडे किती रक्कम न विचारता वळवता येते? न वापरलेले पैसे परत करायचे का? अहवालाच्या तारखा काय? नाव, बोधचिन्ह आणि लोकांची माहिती कोण वापरू शकेल? जी अट पाळता येणार नाही ती सहीआधीच बोला. बहुतेक दाते एखादी तारीख किंवा अट बदलून देतात. सही झाल्यावर मात्र ते अवघड होतं. पैसे आले की त्या अनुदानासाठी हिशेबात वेगळं खातं उघडा आणि प्रत्येक पावतीवर अनुदानाचं नाव लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

काम अर्जात लिहिल्याप्रमाणे होत नाहीये. कधी कळवायचं?

तुम्हाला कळलं त्याच आठवड्यात. अहवालाची तारीख येईपर्यंत थांबू नका. मुदत वाढवून मागता येते, रक्कम न वाढवता. लोक हे पत्र महिनोन्‌महिने टाळतात, म्हणून त्याचा नमुनाच देते. यात बदल करून वापरा:

‘नमस्कार. अभ्यासिकेसाठी ज्या शाळेची खोली मिळाली होती, तिथे दुरुस्ती सुरू झाल्यामुळे आम्हाला ती चार महिने वापरता येणार नाही. सध्या मुलं मंदिराच्या सभागृहात बसतात, पण तिथे चाळीसऐवजी पंचवीसच मावतात. या काळातलं वीजबिल आणि एका शिक्षकाचं मानधन, अशी रक्कम शिल्लक राहील. प्रकल्पाची मुदत चार महिन्यांनी वाढवून मिळावी, म्हणजे ती रक्कम त्याच कामासाठी वापरता येईल, अशी विनंती आहे. सुधारित वेळापत्रक आणि बजेट सोबत जोडलं आहे. शाळेची खोली कायमची गेली तर काय करायचं, यावर पालकांबरोबर येत्या रविवारी बैठक आहे. त्यात काय ठरलं ते सोमवारी कळवतो.’